रोहिणीतील पुनःसंकोच आणि प्रतिबंधक औषधांच्या प्रयोगशालेय चाचण्या : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा यशस्वी औषधांच्या क्रमाने लिहिला जातो. प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेले आणि रुग्णापाशी आल्यावर निष्प्रभ झालेले औषध या इतिहासात तळटीपेपुरतेच उरते. हृदयाच्या रोहिण्यांवरील उपचारांच्या बाबतीत मात्र अशा अयशस्वी औषधांची संख्या इतकी मोठी आहे, की त्यांना वगळून हा इतिहास लिहिताच येत नाही. फुग्याच्या साहाय्याने रुंद केलेली रोहिणी काही महिन्यांत पुन्हा अरुंद का होते आणि औषधाने तिला कसे थोपवावे, या प्रश्नावर १९८० ते २००० या दोन दशकांत युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांनी अफाट परिश्रम केले. उंदीर, ससे, डुकरे आणि वानरे यांच्यावर गुणकारी ठरलेली अनेक औषधे माणसावर मात्र चालली नाहीत. पुढे दोन औषधे चालली, आणि ती का चालली याचे उत्तर केवळ त्या औषधांच्या रसायनात सापडत नाही. प्रस्तुत निबंधात या प्रवासाचा मागोवा घेतला असून, प्रयोगशाळेतील पुरावा कोणत्या मर्यादेपर्यंत पुरावा असतो, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे. विज्ञानेतर विद्याशाखांतील अभ्यासकांनाही हा प्रश्न अपरिचित नसावा. साधनाची साक्ष आणि साधनाबाहेरचे वास्तव यांतील अंतर इतिहासकारालाही नित्य मोजावे लागते.

फुग्याची शस्त्रक्रिया आणि तिचा दोष

अरुंद झालेली रोहिणी छातीचा अथवा पायाचा छेद न घेता आतूनच रुंद करावी ही कल्पना अमेरिकेतील पोर्टलंड येथील क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांची. १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांनी ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायातील रोहिणी क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या घालून मोकळी केली. अमेरिकेत या पद्धतीची फारशी दखल घेतली गेली नाही. युरोपात घेतली गेली. झुरिच येथील आंद्रेआस ग्रुंट्‌झिग या तरुण जर्मन डॉक्टराने नळीच्या टोकाशी फुगवता येणारा, परंतु ठरावीक व्यासापलीकडे न फुगणारा फुगा बसविण्याचे तंत्र विकसित केले. अशा फुग्यांचे आरंभीचे नमुने त्याने स्वतःच्या घरी स्वयंपाकघरातील टेबलावर तयार केले होते. कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करून त्याने १९७६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अधिवेशनात आपले निष्कर्ष मांडले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे जागृतावस्थेतील रुग्णाच्या हृदयरोहिणीवर जगातील पहिली फुगा-अँजिओप्लास्टी केली. तो रुग्ण ३८ वर्षांचा होता. दहा वर्षांनी तपासले असता त्याची ती रोहिणी मोकळीच आढळली.

सर्वांचे नशीब असे नव्हते. पद्धतीचा प्रसार होऊ लागताच लक्षात आले, की सुमारे ३० ते ४० टक्के रुग्णांत रोहिणीचा तोच भाग सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होतो. यालाच पुनःसंकोच म्हणतात. मूळ विकार दशकानुदशके हळूहळू वाढत आलेला असतो. पुनःसंकोच मात्र काही महिन्यांत होतो आणि सहा महिने उलटल्यावर सहसा थांबतो. म्हणजे हा मूळ रोगाचा पुनरुद्भव नसून उपचाराने केलेल्या जखमेला रोहिणीने दिलेला प्रतिसाद होता. फुगा रोहिणीला ताणतो, तिचा अंतःस्तर खरवडतो, आतील साठा फोडतो, आणि शरीर ती जखम भरून काढू पाहते. ही भरपाई अतिरेकी झाली, की पोकळी पुन्हा बुजते. जखमेला मिळणारा प्रतिसाद प्रयोगशाळेत घडवून आणता येतो व मोजताही येतो, म्हणून औषधाचा शोध तेथूनच सुरू झाला.

पांढऱ्या उंदराची रोहिणी

या शोधाची पूर्वपीठिका अँजिओप्लास्टीच्याही आधीची आहे. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रसेल रॉस यांनी १९७० च्या दशकात रोहिणीविकाराचा 'इजेला प्रतिसाद' हा सिद्धांत मांडला. अंतःस्तर दुखावला की रक्तबिंबिका तेथे चिकटतात, त्यांच्यातून वृद्धिकारक द्रव्ये स्रवतात आणि त्यांच्या प्रभावाने रोहिणीच्या मधल्या थरातील अरेखित स्नायुपेशी विभाजित होऊन आतल्या बाजूस सरकतात, असा त्याचा आशय होता. तो तपासण्यासाठी वापरात आलेले प्रारूप म्हणजे पांढऱ्या उंदराच्या मानेतील रोहिणी. तीत बारीक फुगा-नळी घालून, फुगा किंचित फुगवून ती तीनदा मागे ओढली, की अंतःस्तर पूर्णतः निघून जातो. रक्तात निळा रंग सोडला असता उघडा पडलेला भाग निळा दिसतो. त्यामुळे इजा झाली किंवा नाही, याविषयी संशय राहत नाही.

अलेक्झांडर क्लोज, मायकेल रीडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या इजेचे कालमान निश्चित केले. एरवी जवळजवळ निद्रिस्त असलेल्या स्नायुपेशी इजेनंतर एक-दोन दिवसांतच विभाजित होऊ लागतात, काही दिवसांनी आतल्या बाजूस स्थलांतर करतात आणि दोन आठवड्यांत तेथे नवा जाड थर तयार होतो. हे प्रारूप स्वस्त होते, त्याचे निष्कर्ष एका प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रयोगशाळेत तंतोतंत पुन्हा मिळत आणि पंधरवड्यात उत्तर हाती येई. संशोधकाला याहून अधिक काय हवे असते? क्लोज आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी १९७७ मध्येच हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने उंदरातील हा नवा थर रोखता येतो असे 'नेचर' या नियतकालिकात दाखविले होते. पुढे असेही दिसले, की रक्त पातळ करण्याचा गुण काढून टाकलेले हेपॅरिनही हे कार्य करते. अर्थात त्याचा परिणाम थेट पेशींवर होत होता.

काचपात्रात वाढविलेल्या स्नायुपेशींवरील प्रयोग याच काळात फोफावले. किरणोत्सारी थायमिडीन पेशींत किती शिरले यावरून त्यांची वाढ मोजण्याची पद्धत रूढ होती, आणि तीत वाढ रोखणारी द्रव्ये डझनांनी सापडत गेली. येथे एक अडचण प्रथमपासून होती. रोहिणीबाहेर काढून पात्रात वाढविलेली पेशी आपले आकुंचन पावण्याचे काम सोडून देते आणि केवळ वाढणारी पेशी बनते. म्हणजे पात्रातील पेशी ही आधीच इजा झालेली पेशी होती, आणि तिच्यावर औषध चालले याचा अर्थ मर्यादित होता. हे ठाऊक असूनही या निष्कर्षांना मिळालेले वजन आज मागे वळून पाहता अधिक वाटते.

सिलाझाप्रिलचे प्रकरण

या सर्व घडामोडींत सर्वांत बोधक प्रकरण सिलाझाप्रिलचे आहे. म्हणून त्याचा विस्ताराने विचार करणे योग्य ठरेल. सिलाझाप्रिल हे रक्तदाबावरील औषध, अँजिओटेन्सिन तयार करणाऱ्या विकराला रोखणारे. रोहिणीच्या भिंतीतच अँजिओटेन्सिन तयार होते आणि ते स्नायुपेशींच्या वाढीस कारण होते असे पुरावे त्या सुमारास जमू लागले होते. १९८९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पॉवेल आणि सहकाऱ्यांचा लेख प्रसिद्ध झाला. सिलाझाप्रिल दिलेल्या उंदरांत इजेनंतर दोन आठवड्यांनी तयार झालेला नवा थर औषध न दिलेल्या उंदरांच्या तुलनेत सुमारे ८० टक्क्यांनी कमी होता. औषध बाजारात वापरले जाणारे, सुरक्षित आणि तोंडाने घेता येणारे होते. हृदयरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने यापेक्षा आशादायक बातमी दुसरी नव्हती.

युरोपातील रुग्णालयांनी एकत्र येऊन 'मर्केटर' ही चाचणी हाती घेतली. तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये आले. सातशेहून अधिक रुग्णांना सहा महिने औषध अथवा निष्क्रिय गोळी देऊन रोहिण्यांची पुन्हा छायाचित्रे घेतली असता दोन्ही गटांत काहीही फरक आढळला नाही. मात्रा कमी पडली असावी या शंकेने उत्तर अमेरिकेत 'मार्केटर' ही दुसरी चाचणी १,४३६ रुग्णांवर, तीन वेगवेगळ्या मात्रांत घेण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर तेच होते.

या अपयशाचा दोष साधारणतः 'उंदीर म्हणजे माणूस नव्हे' या एका वाक्यात उंदरावर टाकला जातो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. उंदरांना औषध दररोज किलोमागे १० मिलिग्रॅम दिले गेले होते. 'मर्केटर'मधील रुग्णाला दिवसाकाठी एकूण १० मिलिग्रॅम मिळत होते. सत्तर किलो वजनाच्या माणसाचा हिशोब केला तर शरीराच्या वजनाच्या प्रमाणात ही मात्रा सुमारे सत्तरपट कमी भरते. लहान प्राण्याची चयापचय-गती अधिक असते हे लक्षात घेऊनही अंतर मोठेच राहते, आणि उंदराची मात्रा माणसाला दिली असती तर त्याचा रक्तदाब कोसळला असता. उंदरांना औषध इजेच्या अगोदरपासून मिळत होते, रुग्णांना ते फुगा फुगविल्यानंतर सुरू झाले. तोवर स्नायुपेशींना पहिली हाक मिळून गेलेली होती. उंदराची रोहिणी निरोगी, लवचिक आणि पातळ. रुग्णाची रोहिणी मेद व चुन्याने कठीण झालेली, आणि फुग्याने खरवडण्यापेक्षा चिरली जाणारी. उंदराला विचारलेला प्रश्न आणि रुग्णाला विचारलेला प्रश्न हे दोन भिन्न प्रश्न होते. उंदराने आपल्या प्रश्नाचे उत्तर बरोबरच दिले होते.

शिवाय इशारे उपलब्ध होते. बबून वानरांवर सिलाझाप्रिलचा परिणाम होत नाही असे १९९१ मध्ये, आणि डुकरांच्या हृदयरोहिण्यांतही तो होत नाही असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. हे दोन्ही निष्कर्ष रुग्णांवरील पहिली चाचणी सुरू होण्यापूर्वी हाती असते तर शेकडो रुग्णांची पुन्हा पुन्हा होणारी तपासणी टळली असती काय, हा प्रश्न केवळ शास्त्रीय उरत नाही.

सिलाझाप्रिल एकटे नव्हते. अ‍ॅस्पिरिन व डायपिरिडमॉल, हेपॅरिन व त्याचे लघुरेणू रूप, स्टेरॉइड, केटॅनसेरिन, लोव्हास्टॅटिन अशी औषधे एकामागून एक पुनःसंकोच रोखण्यात अपुरी ठरली. या मालिकेचा कळस म्हणजे ट्रॅनिलास्ट. ॲलर्जीवरील या औषधाला जपानमधील लहान चाचण्यांत चांगले यश आले होते. परंतु २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रेस्टो' चाचणीत ११,४८४ रुग्णांचा समावेश करूनही कोणताच लाभ दिसला नाही. अपवाद म्हणून प्रोब्युकॉलचा उल्लेख करावा लागेल. माँट्रियल येथील चाचणीत (१९९७) त्याने पुनःसंकोच ३८.९ टक्क्यांवरून २०.७ टक्क्यांवर आणला. परंतु ते औषध अँजिओप्लास्टीच्या महिनाभर आधी सुरू करावे लागे, आणि छातीत कळ येऊन रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला महिनाभर थांबविणे शक्य नसते.

डुकराचे हृदय

उंदरावरील विश्वास डळमळू लागला तेव्हा अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रॉबर्ट श्वार्ट्झ आणि सहकारी डुकराकडे वळले. डुकराचे हृदय आकाराने आणि रोहिण्यांच्या रचनेने माणसाच्या हृदयाशी जवळचे आहे, आणि माणसाच्या शरीरात वापरली जाणारी उपकरणे त्यात जशीच्या तशी वापरता येतात. १९९० मध्ये त्यांनी रोहिणीपेक्षा मोठ्या व्यासाचे धातूचे वेटोळे डुकराच्या हृदयरोहिणीत बसवून माणसातील पुनःसंकोचासारखाच जाड थर घडवून आणला. दोन वर्षांनी त्यांनी इजेचे गुणांकन मांडले. आतील लवचिक पटल शाबूत असल्यास शून्य, ते फाटल्यास एक, मधला थर फाटल्यास दोन आणि बाहेरचे पटलही फाटल्यास तीन. इजेचा गुणांक जितका अधिक तितका नवा थर जाड, असा जवळजवळ सरळ रेषेतील संबंध त्यांना आढळला.

या साध्या मोजपट्टीचे महत्त्व पुढील सर्व चाचण्यांत दिसते. दोन गटांतील थराची जाडी भिन्न दिसली, तर तो फरक औषधाचा की इजा कमी-अधिक झाल्याचा, हे आता सांगता येऊ लागले. पूर्वीच्या किती 'यशस्वी' प्रयोगांत इजाच कमी झाली होती, हे कोणी सांगू शकणार नाही.

दरम्यान रुग्णांमध्ये रोहिणीच्या आतून ध्वनिलहरींनी चित्र घेण्याचे तंत्र प्रचलित झाले होते, आणि त्याने सर्वांनाच चकित केले. वॉशिंग्टन येथील गॅरी मिन्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले, की फुगा-उपचारानंतर पोकळी जितकी कमी होते त्यापैकी सुमारे ७३ टक्के वाटा रोहिणीच आक्रसण्याचा असतो. पेशींच्या नव्या थराचा वाटा उरलेला. जखमेचा व्रण आवळावा तशी रोहिणी बाहेरून आवळली जात होती. याचा अर्थ गंभीर होता. वीस वर्षे प्रयोगशाळा ज्या पेशींच्या वाढीमागे लागल्या होत्या, ती वाढ रुग्णातील दोषाचे लहानसे कारण होती. उंदीर, काचपात्र आणि बहुतेक औषधे या लहान कारणावरच नेम धरून होती.

स्टेंट आणि बदललेला प्रश्न

प्रयोगशाळेची दिशा चुकली असे येथे म्हणता आले असते. पण याच सुमारास रुग्णाचा उपचारच बदलला. मार्च १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे जाक प्युएल यांनी, आणि लवकरच स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिक सिग्वार्ट यांनी हृदयरोहिणीत धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसविला होता. १९९४ मधील 'बेनेस्टेंट' आणि 'स्ट्रेस' या दोन चाचण्यांनी तो रूढ केला. 'बेनेस्टेंट'मध्ये पुनःसंकोच ३२ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर, तर 'स्ट्रेस'मध्ये ४२.१ वरून ३१.६ टक्क्यांवर आला. धातूच्या आधारामुळे रोहिणीला आक्रसता येईना. मात्र कायम रुतलेल्या धातूने चेतविलेला पेशींचा थर पूर्वीपेक्षा जाड होऊ लागला.

स्टेंटमुळे पुनःसंकोचाचे दुसरे कारण जवळजवळ नाहीसे झाले आणि स्नायुपेशींची वाढ हेच मुख्य कारण उरले. म्हणजे प्रयोगशाळेने आपले प्रारूप रोगाजवळ नेले असे घडले नाही. नव्या उपचाराने रोगच प्रारूपाजवळ आणून ठेवला. धातूचे वेटोळे बसविलेले श्वार्ट्झ यांचे डुक्कर १९९० मध्ये फुगा-उपचाराच्या रुग्णापासून दूर होते. पाच-सहा वर्षांनी ते स्टेंटच्या रुग्णाचे प्रतिरूप ठरले. वीस वर्षांचे पेशीविषयक ज्ञान व्यर्थ गेले नाही, परंतु ते उपयोगी पडावे हे प्रयोगशाळेच्या नियोजनात नव्हते. या क्षेत्राच्या रूढ इतिहासात हा योगायोग पुरेसा नोंदला जात नाही.

मात्रेचा प्रश्नही स्टेंटनेच सोडविला. एलाझर एडलमन यांनी कार्नोव्स्की यांच्यासमवेत १९९० मध्येच दाखविले होते, की हेपॅरिन संथपणे सोडणारा बहुवारिकाचा पट्टा रोहिणीलगत बाहेरून ठेवल्यास उंदरातील पेशींची वाढ थांबते. औषध संपूर्ण शरीराला न देता जखमेपाशीच ठेवण्याचा हा विचार होता. स्टेंट तर नेमका जखमेवरच बसत होता. त्यावर औषधाचा लेप देणे ही पुढची पायरी होती. प्रश्न एवढाच होता, की औषध कोणते?

माती आणि साल

ज्या दोन औषधांनी हा प्रश्न सोडविला, ती दोन्ही हृदयरोगासाठी शोधलेली नव्हती. १९६४-६५ मध्ये स्टॅन्ले स्कोरीना यांच्या नेतृत्वाखाली एक कॅनेडियन वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावर, म्हणजे रापा नुईवर, गेली होती. तेथून आणलेल्या मातीतील एका जिवाणूपासून माँट्रियल येथील आयर्स्ट प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सहगल आणि सहकाऱ्यांनी एक बुरशीनाशक द्रव्य वेगळे केले. बेटाच्या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हटले गेले. पुढे सिरोलिमस हे नाव रूढ झाले. सहगल यांचा जन्म १९३२ मध्ये आज पाकिस्तानात असलेल्या खुशाब येथे झाला होता आणि शिक्षण बनारस हिंदू विश्वविद्यालय व ब्रिस्टल येथे. कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सहगल यांनी हा जिवाणू स्वतःच्या घरातील फ्रीझरमध्ये जपून न्यू जर्सीला नेल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये यासाठी या औषधाला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली.

प्रत्यारोपित अवयवांच्या रोहिण्याही कालांतराने जाड होतात. तिकडे लक्ष असलेल्या स्टॅनफर्ड येथील ग्रेगरी, मॉरिस आदी संशोधकांनी १९९३ मध्ये दाखविले, की रॅपामायसिन हे फुग्याने इजा केलेल्या उंदराच्या रोहिणीतील थरही रोखते. १९९५ मध्ये न्यू यॉर्क येथील अँड्र्यू मार्क्स यांच्या गटाने हे औषध स्नायुपेशींचे विभाजन-चक्र कोठे अडविते ते उलगडले, आणि १९९९ मध्ये डुकरांवरील निष्कर्ष आले. औषध टोचलेल्या डुकरांत चार आठवड्यांनंतरचा संकोच ६३ टक्क्यांऐवजी ३६ टक्के होता. सिलाझाप्रिल उंदरात यशस्वी आणि डुकरात निष्प्रभ ठरले होते. सिरोलिमस पात्र, उंदीर आणि डुक्कर या तिन्ही पायऱ्या चढून आले.

दुसरे औषध पॅक्लिटॅक्सेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीत ते असते. उत्तर कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. वाणी (१९२५-२०२०) हे मूळचे नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी. महाराष्ट्रात त्यांचे नाव कर्करोगावरील औषधाच्या संदर्भातही फारसे घेतले जात नाही, मग हृदयरोगाच्या संदर्भात ते माहीत असण्याची अपेक्षा कशी करावी? पेशीतील सूक्ष्मनलिकांना गोठवून हे द्रव्य विभाजन थांबविते, हे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखविले. १९९५ मध्ये बाल्टिमोर येथील संशोधकांनी ते उंदराच्या रोहिणीवर यशस्वीपणे वापरले.

पहिला सिरोलिमस-लेपित स्टेंट ब्राझीलमधील साओ पावलो येथे एदुआर्दो सौझा यांनी डिसेंबर १९९९ मध्ये रुग्णाला बसविला. स्टेंटच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १४० मायक्रोग्रॅम औषध होते, आणि त्यातील बहुतांश महिन्याभरात पाझरत असे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला दररोज २ मिलिग्रॅमच्या आसपास औषध लागते. नेहमीच्या आकाराच्या एका अखंड स्टेंटवर त्याहूनही कमी औषध असते, हे ध्यानात घेतले म्हणजे मात्रेची अडचण कशी दूर झाली ते कळते. 'रॅव्हेल' या २३८ रुग्णांवरील चाचणीत (२००२) सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के पुनःसंकोच होता. लेपित स्टेंटच्या गटात एकही रुग्ण नव्हता. अमेरिकेत या स्टेंटला एप्रिल २००३ मध्ये आणि पॅक्लिटॅक्सेल-लेपित स्टेंटला मार्च २००४ मध्ये मान्यता मिळाली. सहगल यांचे निधन त्यापूर्वीच, जानेवारी २००३ मध्ये झाले होते.

अठ्ठावीस दिवसांची साक्ष

येथे इतिहास संपवता आला असता, आणि बऱ्याच ठिकाणी तो असाच संपविला जातो. परंतु प्रयोगशाळेतील नोंदी अधिक बारकाईने वाचल्यास चित्र बदलते. डुकरातील नवा थर सुमारे २८ दिवसांत पूर्णत्वास जातो, म्हणून बहुतेक चाचण्या २८ दिवसांवर थांबत. माणसाच्या सहा महिन्यांशी हे २८ दिवस समतुल्य मानले जात. सिरोलिमस-लेपित स्टेंटने डुकरांत या मुदतीत थराची वाढ सुमारे निम्म्याने घटविली. मात्र कार्टर आणि सहकाऱ्यांनी तीच डुकरे अधिक काळ ठेवून २००४ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात ९० आणि १८० दिवसांनी लेपित व साध्या स्टेंटमध्ये फरक उरलेला नव्हता. सशांवरील पॅक्लिटॅक्सेलच्या प्रयोगांतही फार्ब, विरमाणी आदींना २००१ मध्ये असेच दिसले होते. २८ दिवसांनी दिसलेला लाभ ९० दिवसांनी टिकला नव्हता, आणि अधिक मात्रेत रोहिणीचा मधला थर मृत होत होता.

माणसात मात्र लाभ टिकला. या वेळी प्राण्याने अधिक निराशाजनक उत्तर दिले होते आणि रुग्णाने अधिक आशादायक. सिलाझाप्रिलच्या वेळची चूक येथे उलट दिशेने घडली होती. २००२ मध्ये या क्षेत्रातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन औषधलेपित स्टेंटच्या प्राण्यांवरील चाचण्यांसाठी शिफारशी तयार केल्या. त्यांत दीर्घ मुदतीच्या निरीक्षणाचा आणि जखम कितपत भरली हे तपासण्याचा आग्रह होता.

हा दुसरा मुद्दा निर्णायक ठरला. पुनःसंकोच रोखणारे औषध स्नायुपेशी आणि अंतःस्तराच्या पेशी यांत भेद करीत नाही. दोघींचीही वाढ ते थांबविते. अंतःस्तर पुन्हा न आल्यास धातू रक्तासमोर उघडा राहतो आणि त्यावर गुठळी होऊ शकते. रेणू विरमाणी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लेपित स्टेंट बसविल्यानंतर १८ महिन्यांनी गुठळी होऊन दगावलेल्या एका रुग्णाच्या रोहिणीचे परीक्षण प्रसिद्ध केले. बहुवारिकाच्या लेपाविरुद्ध तीव्र दाह तेथे होता. २००५ मध्ये सशांत, एकावर एक चढलेल्या स्टेंटच्या जागी जखम भरण्यास विलंब होतो असे दिसले. सप्टेंबर २००६ मध्ये बार्सिलोना येथील युरोपीय हृदयरोग परिषदेत उशिरा होणाऱ्या गुठळ्यांच्या आकडेवारीने खळबळ उडाली, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तज्ज्ञांची बैठक बोलावली. तेव्हा अनेकांना हा धोका अनपेक्षित वाटला. प्रयोगशाळेच्या दृष्टीने तो अनपेक्षित नव्हता. सशांच्या रोहिणीच्या छेदांत न भरलेली जखम २००१ पासूनच दिसत होती. ती पाहिली गेली, नोंदलीही गेली. परंतु चाचणीचे यश नव्या थराच्या जाडीवरून ठरत असल्यामुळे पातळ थर हे यशाचे चिन्ह मानले गेले. अतिशय पातळ थर म्हणजे न भरलेली जखमही असू शकते, हा अर्थ त्याच छेदातून निघत होता.

पुढील काळात धातूच्या तारा बारीक झाल्या, लेप शरीराला अधिक मानवणारे आले, एव्हरोलिमससारखी सिरोलिमसची भावंडे वापरात आली आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन औषधांचा काळ वाढविला गेला. पहिला सिरोलिमस-लेपित स्टेंट २०११ नंतर बाजारातून गेला. विरघळणाऱ्या स्टेंटने प्राण्यांवरील प्रयोगांत मोठी आशा दाखविली होती. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळूनही २०१७ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली. दुसरीकडे, जर्मनीतील ब्रुनो शेलर आणि उलरिक श्पेक यांनी स्टेंटशिवाय, केवळ फुग्यावर पॅक्लिटॅक्सेल लावून ते रोहिणीच्या भिंतीवर उतरविण्याची कल्पना मांडली. फुगा जेमतेम मिनिटभर भिंतीला टेकतो; तेवढ्यात औषध पुरेसे उतरेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. २००४ मध्ये डुकरांवर ते उतरले. २००६ मध्ये, स्टेंटमध्येच पुनःसंकोच झालेल्या ५२ रुग्णांच्या चाचणीत साध्या फुग्याच्या गटात ४३ टक्के, तर लेपित फुग्याच्या गटात ५ टक्के पुनःसंकोच आढळला. अमेरिकेत हृदयरोहिणीसाठी अशा फुग्याला मान्यता मिळण्यास मार्च २०२४ उजाडला, आणि तीही स्टेंटमधील पुनःसंकोचापुरतीच.